चौथ्या मुलाचं नाव

एक शब्द हातात घेऊया आणि थोडा वेळ तो खाली ठेवायचा नाही, एवढंच करूया. शब्द इंग्रजी आहे, विशेषण आहे, आणि वर्तमानपत्रातून रोज डोळ्यांखालून जातो: ज्यूइश. ज्यूइश वस्ती, ज्यूइश सण, ज्यूइश लेखक. तो जिथे भेटतो तिथली बातमी बहुधा अशी असते की शब्दापाशी थांबायला कुणाला सवड नसते, बाजू घ्यायची घाई असते. आज ती बातमी घडी घालून बाजूला ठेवा. पाणी हवं असेल तर आत्ताच आणून ठेवा.

आता तो शब्द एकदा मोठ्यानं म्हणा. सावकाश. ज्यू… इश.

जीभ टाळूला चिकटून सुटते, ओठ गोल होऊन पुढे येतात, मग मागे पसरतात आणि दातांमधून हवा निघून जाते, झोपलेल्या बाळाजवळ कुणी बोलू लागलं की आपण श्श करतो तशी. शब्द संपला. पण तेवढ्यात आपण दोन मुलुखांतून फिरून आलो. पुढचा अर्धा यहुदियाच्या कोरड्या डोंगराळ प्रदेशातला, हिब्रू. मागचा अर्धा उत्तर युरोपातल्या थंडीतला, जर्मानिक. मधे एक सांधा आहे. तो कानाला ऐकू येत नाही. मलाही तो दिसायला बरीच वर्षं लागली, कारण मी हा शब्द कायम अख्खा गिळत आलो.

पुन्हा म्हणा, आणि या वेळी सांध्यावर थांबा.

आधी मागचा तुकडा घेऊ, तो ओळखीचा आहे. 'इश' हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत 'इस्क' असा होता, जर्मनमध्ये तो आजही 'इश' आहे, आणि रशियन-पोलिश आडनावांच्या शेवटी दिसणारा 'स्की' त्याचाच दूरचा नातलग. काम सगळीकडे तेच: त्याचा, त्यातला, त्या जातीचा. इंग्लिश, डॅनिश, आयरिश. 'वेल्श'मध्येही तोच आहे, जरा आकसलेला. आणि वेल्शचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. बाहेरून येऊन ब्रिटनमध्ये वसलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी तिथे आधीपासून राहणाऱ्यांना दिलेलं ते नाव, आणि त्याचा अर्थ 'परके'.

हाच प्रत्यय रंगांना लागला की रंग पातळ होतो. रेडिश म्हणजे लालसर, ग्रीनिश म्हणजे हिरवट. माणसाच्या गुणाला लागला की तोंड वाकडं होतं: चाइल्डिश, फूलिश. इथे मराठी कान लगेच टवकारायला हवेत, कारण आपल्याकडेही हेच झालेलं आहे. हिरवट, काळपट म्हणताना आपण रंग थोडा कमी करतो. पोरकट, खुळचट म्हणताना त्याच 'ट'नं माणूस थोडा कमी करतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता शब्दाच्या शेपटीत तोच तिरकेपणा भरला. अलीकडे तर इंग्रजीत हा 'इश' शेपटी राहायलाही तयार नाही. 'जेवण झालं का?' 'इश.' म्हणजे झालंय म्हणा, नाहीही म्हणा. आपल्या 'इश्श'शी त्याचा संबंध नाही, पण एखाद्या मुंबईकर घरात दोन्ही एकाच दिवशी ऐकू येतील.

इथे थोडं थांबा आणि एक गोष्ट स्वतःशी तपासून पाहा. तुम्हाला कधी कुणी कोकणी, वऱ्हाडी, घाटी, पुणेरी म्हटलं असेल. ते कुणी म्हटलं, आणि तेव्हा ते कुठे उभे होते? कोकणात राहणारा माणूस दिवसभर स्वतःला कोकणी म्हणत बसत नाही. तो आंबे काढत असतो, नाहीतर गणपतीला कोण कोण येणार याची यादी करत असतो. 'कोकणी' व्हायला त्याला मुंबईच्या गाडीत बसावं लागतं. विशेषणाला एक बघणारा लागतो, आणि तो बहुतेकदा पलीकडच्या बाकावर असतो.

आपल्या शब्दाच्या बाबतीत तर हा बघणारा फारच लांब होता. जुन्या इंग्रजीत 'युदेइस्क' असं विशेषण होतं, म्हणजे हाच सांधा, हेच दोन तुकडे. ते लिहिणाऱ्या पाद्र्यांच्या इंग्लंडात यहुद्यांची वस्ती असल्याचा पुरावा नाही. ती आली १०६६च्या नॉर्मन विजयानंतर, फ्रान्समधल्या रुआँ शहराकडून. मग १२९०मध्ये पहिल्या एडवर्ड राजानं त्यांना देशाबाहेर काढलं, आणि उघडपणे राहायला ते परतले ते थेट १६५६च्या सुमारास. आज आपण म्हणतो त्या रूपातलं 'ज्यूइश' इंग्रजी लिखाणात दिसू लागतं ते सोळाव्या शतकाच्या मध्यावर. तारखा पुन्हा एकदा मनात लावून पाहा. वस्ती यायच्या आधी एकदा, वस्ती हाकलल्यावर पुन्हा एकदा: दोन्ही वेळा विशेषण घडलं तेव्हा ज्यांच्यासाठी ते होतं ती माणसं उघडपणे त्या देशात नव्हतीच. धर्मग्रंथ होता, प्रवचनं होती, ऐकीव गोष्टी होत्या. रिकाम्या खुर्चीकडे बघून एक शब्द तयार झाला.

हे मला अजून पचलेलं नाही. म्हणून इथे मी स्वतः दोन श्वास थांबतो.

आता पुढचा तुकडा. ज्यू. याला सोलायला वेळ लागेल. कांद्यासारखा एकेक पापुद्रा काढू. इंग्रजीत तो आला जुन्या फ्रेंचमधून, 'जिउ'सारखं काहीतरी होतं तिथे. फ्रेंचमध्ये आला लॅटिनमधून: यूदेउस. लॅटिनमध्ये ग्रीकमधून: यूदाइओस. ग्रीकमध्ये अरामीतून: यहूदाय. आणि त्याच्या मुळाशी हिब्रू: यहूदी.

हे उलट्या दिशेनं, म्हणजे सुलट, तोंडात घोळवा. यहूदी म्हणताना मधल्या 'हू'ला छातीतून हवा यावी लागते. ग्रीकांच्या तोंडी गेला आणि पहिला बळी त्या 'ह'चा पडला. बरोबरच आहे, 'ह' हा फार सोशीक वर्ण, आधी तोच जातो. आपणही 'पाहिजे'चं 'पायजे' करतो, 'नाही'चं 'नाय' करतो. मग लॅटिनचं फ्रेंच होताना दोन स्वरांच्या मधला 'द' विरघळला. हेही आपल्याला परकं नाही. संस्कृतातल्या 'पाद'मधला 'द' प्राकृत बोलणाऱ्या आपल्या पूर्वजांनी असाच विरघळवला आणि आपल्याला 'पाय' मिळाले. 'हृदय'मधला गेला आणि 'हिय्या' उरला. राहता राहिला सुरुवातीचा 'य'. त्याचा 'ज' झाला. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसाच. म्हणजे आपल्याकडे आणि फ्रान्समधल्या सेन नदीकाठी, एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या लोकांच्या जिभांनी त्याच दोन वाटा धरल्या. मराठी माणसाच्या हाती 'यूद' पडला असता तर त्यानंही कालांतराने त्याचा 'जू'च केला असता, असं मला उगीचच वाटतं.

लिपीला मात्र हे उशिरा कळलं. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द अजून 'आय' अक्षरानंच छापलेला आहे. 'जे'ला स्वतंत्र अक्षर म्हणून मान मिळायचा होता.

गंमत अशी की मराठीत आपण 'यहुदी' म्हणतो, तो अरबी-फारसीतून आलेला, आणि त्यात 'य', 'ह', 'द' तिन्ही जागच्या जागी आहेत. लंडनला पोचेपर्यंत जे सांडलं ते आपल्याकडे येताना सांडलं नाही. शेवटचा 'ई'सुद्धा पाहा: हिब्रूत तोच 'ई' नाव घेऊन 'तिथला' करतो, अरबीत तोच करतो, आणि मराठीतही 'महाबळेश्वरी', 'कोल्हापुरी' करताना आपण तेच करतो. तेव्हा आता इंग्रजी शब्द क्षणभर सोडा आणि 'यहुदी' म्हणा. 'हु'पाशी छातीतली हवा ओठांपर्यंत येऊ द्या. मूळ उच्चाराच्या आपण पुष्कळ जवळ आलो आहोत.

आणखी एक पाऊल. यहुदी म्हणजे यहूदाचा. यहूदा हे एका मुलाचं नाव. ते ठेवलं त्याच्या आईनं.

ही गोष्ट बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, एकोणतिसाव्या अध्यायात आहे. याकोबाचं मन राहेलवर. तिच्यासाठी त्यानं मामाकडे सात वर्षं राबून काढली. लग्नाच्या रात्री मामानं थोरली मुलगी, लेआ, त्याच्या तंबूत धाडली. सकाळी उजाडल्यावर याकोबाला कळलं. भांडण झालं, आठवडाभरानं राहेलही मिळाली, आणखी सात वर्षांच्या मजुरीच्या बोलीवर. लेआचं काय झालं असेल ते आपल्याकडच्या कुठल्याही नकोशा सुनेला विचारा. ती घरात होती, आणि नव्हतीही.

तिला मुलं मात्र झाली. मुलांची नावं ती ठेवते, आणि प्रत्येक नावात एक वाक्य दडवते. पहिला रऊबेन: पाहा, मुलगा, देवानं माझं दुःख पाहिलं, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा शिमोन: माझी उपेक्षा देवाच्या कानी गेली. तिसरा लेवी: आता तरी तो मला जोडून राहील. तीन मुलं, आणि तिन्हींच्या नावांत नजर तंबूच्या दाराकडे. ही मुलं मोठी होऊन आयुष्यभर आपल्या आईची ही वाट पाहणारी वाक्यं अंगावर वागवणार.

चौथा झाला. या खेपेला, लेआ म्हणते, मी परमेश्वराचे आभार मानीन. आणि त्याचं नाव ठेवते यहूदा.

या वाक्यात याकोबाचं नाव कुठेही नाही.

इथे मला तुम्हाला बराच वेळ बसवायचं आहे. 'या खेपेला' या दोन शब्दांपाशी. याकोब तोपर्यंत बदलला होता, असं ती कथा सांगत नाही. तो पुढेही राहेलवरच जीव टाकत राहिला. दार तेच, तंबू तेच, रात्री त्याच. लेआनं मान फक्त दाराकडून वळवली असेल, कुशीतल्या मुलाकडे. तुमच्या आयुष्यातला असा एखादा चौथा आठवतो का पाहा: जे तीन वेळा कुणाला तरी दाखवण्यासाठी केलं, कुणीतरी बघावं म्हणून, आणि चौथ्या वेळी दाखवायचं राहूनच गेलं. ते मोठंच असेल असं नाही. कुणासाठी तरी शिकलेली भाजी असेल, आता स्वतःच्या जेवणापुरती करता ती. आठवलं नाही तर जबरदस्ती करू नका. लेआलाही तीन खेपा लागल्या.

त्या क्रियापदाकडे आता नीट बघू, कारण सगळा शब्द त्याच्यावर उभा आहे. हिब्रूत धातू तीन व्यंजनांचे असतात. हा धातू 'य-द-ह'. त्याचा अर्थ आभार मानणं, स्तुती करणं. पण त्याच धातूचा अर्थ कबूल करणंही आहे. आजच्या हिब्रूत आभाराला 'तोदा' म्हणतात, ते इथलंच. आणि आपल्या चुकांची कबुली देणारी प्रार्थना असते तिला 'विदुई' म्हणतात, तेही इथलंच. इंग्रजीत हे दोन अर्थ जोडून दाखवायला भाष्यकारांना टीपा द्याव्या लागतात. मराठीला काही करावं लागत नाही. आपण आभार मानतो. चूक मानतो. म्हणणं मानतो. हार मानतो. सगळीकडे 'मानणं'. जे आहे ते आहे, आणि ते माझ्या कर्तृत्वातून आलेलं नाही, एवढं मान्य करून टाकणं. 'आभार' या शब्दात मला नेहमी 'भार' ऐकू येतो; तो मानायचा म्हणजे त्याच्याखाली थोडं वाकायचं.

याच धातूवरून यहुदी माणूस सकाळी डोळे उघडल्याउघडल्या एक छोटी प्रार्थना म्हणतो. तिचं नाव 'मोदे आनी'. मोदे म्हणजे आभार मानतो, आनी म्हणजे मी. क्रम पाहा. 'मी' नंतर येतो. आणि या प्रार्थनेत देवाचं नाव येत नाही, त्यामुळे हात न धुता, अंथरुणात बसल्या बसल्या ती म्हणता येते. मला ही सवलत फार आवडते. पारोशा तोंडानं चालणारी एक तरी प्रार्थना असली पाहिजे.

उद्या सकाळी करून पाहा हवं तर. मराठीत, स्वतःच्या शब्दांत, 'मी' शेवटी ठेवून. वाक्य जरा अडखळेल. अडखळू द्या.

लेआच्या मुलाच्या नावाचं पुढे काय झालं ते मी भरभर सांगतो. ती इतिहासाच्या पुस्तकांतली वाट आहे. मुलाचं नाव वंशाला लागलं, वंशाचं नाव प्रदेशाला, प्रदेशाचं राज्याला. शलमोन राजानंतर राज्य दुभंगलं. उत्तरेकडचं इस्रायल इसवी सनपूर्व ७२२च्या सुमारास असिरियानं संपवलं, दक्षिणेचं यहूदा टिकलं. मग इसवी सनपूर्व ५८६मध्ये बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं आणि यहूदाच्या लोकांना कैद करून नेलं. राज्य गेलं आणि नाव माणसांबरोबर चालू लागलं. एस्तेरच्या पुस्तकात, इराणी बादशहाच्या शूशन शहरात, मर्दखय भेटतो. तो बन्यामीनाच्या वंशातला, म्हणजे लेआचा नव्हे तर राहेलचा वारस. तरी त्याची ओळख दिली आहे यहुदी म्हणून. जिच्यामुळे लेआ झुरली त्या राहेलच्या वंशालाही अखेर लेआनं ठेवलेलं नाव लागलं. कथेत कुणी हे बोलून दाखवत नाही.

तिथे मूळ हिब्रूत मर्दखयला म्हटलंय 'ईश यहूदी'. ईश म्हणजे हिब्रूत माणूस. इंग्रजीत नावामागे लागतो तो 'इश', आणि हिब्रूत नावाच्या पुढे उभा आहे तो 'ईश'. दोघांचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. शब्दांच्या मुळांशी खेळणाऱ्याला असे चकवे पावलोपावली लागतात, आणि त्यांत न फसणं हा या छंदातला निम्मा अभ्यास. तरी हा चकवा मी टाकून देत नाही. एका भाषेत 'त्या जातीचा', दुसऱ्या भाषेत 'माणूस', आणि आवाज जवळजवळ एकच.

आता जी जागा येते तिथे मी तुम्हाला फार वेळ बसवणार नाही, पण तिला वळसा घालूनही जाता येणार नाही. युरोपात शतकानुशतकं हे नाव शिवीसारखं वापरलं गेलं. इतकं, की इंग्रजी बोलणारी भली माणसं आजही 'ज्यू' हे नाम उच्चारताना चाचरतात आणि 'ज्यूइश' या विशेषणाचा आडोसा घेतात. नाम टोचतं, प्रत्यय लागला की बोथट होतं. पलीकडच्या बाकावरून आलेली शेपटीच इथे गादीसारखी वापरली जाते. आणि सप्टेंबर १९४१मध्ये जर्मनीत फर्मान निघालं, की सहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक यहुद्यानं छातीवर पिवळा तारा शिवून घ्यावा. ताऱ्याच्या मधोमध एकच शब्द होता: यूडे. जर्मन शब्द, पण त्याची वळणं मुद्दाम अशी काढलेली की हिब्रू अक्षरांची थट्टा वाटावी. त्या ताऱ्यावर जे लिहिलं होतं ते सरळ मागे मागे नेलं तर आपण एका तंबूत पोचतो, जिथे एक बाई कुशीतल्या चौथ्या मुलाकडे बघून आभार मानते आहे.

हात मोकळे सोडा. खांदे उतरू द्या.

नावं ठेवणारे शेजारी सगळे सारखे नसतात, हे मला माझ्याच किनाऱ्यानं शिकवलं. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल ही यहुदी जमात शतकानुशतकं राहिली. गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावानं बघितलं आणि म्हटलं: शनवार तेली. झालं. यात धर्मशास्त्र नाही, राग नाही, कुतूहलही बेताचंच. अमुक दिवशी तेल मिळत नाही एवढी व्यवहाराची नोंद. विशेषण बघणाऱ्याचं असतं, पण या बघणाऱ्याच्या हातात तेलाची बुधली होती आणि त्याला रविवारी परत यायचं होतं.

ते स्वतःला म्हणवत बेने इस्रायल, इस्रायलची मुलं. इस्रायल हे याकोबाचंच दुसरं नाव. म्हणजे यांनी बापाचं नाव लावलं. मराठी घरात वेगळं काय होणार!

आणि त्यांच्या आडनावांत इंग्रजी शब्दातल्यासारखाच एक सांधा आहे. दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर. जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात का, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा? पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. दोन हिब्रू नावं आणि चौलचा 'कर'. हे नाव सावकाश म्हणा, आणि सांधा कुठे लागतो का पाहा. मला लागत नाही.

मुंबईत मांडवीला त्यांचं सर्वात जुनं प्रार्थनास्थळ आहे, १७९६चं, शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधलं. कंपनीच्या सैन्यात असताना ते टिपूच्या कैदेत पडले होते आणि जिवंत सुटले, त्या सुटकेचे आभार म्हणून बांधलं असं सांगतात. बेने इस्रायल आपल्या सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मध्य रेल्वेवरच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं अशीही एक समजूत आहे. रोज कितीतरी माणसं त्या फलाटावर चढतात-उतरतात. आणि घरात काही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला, की बेने इस्रायल मलिद्याचं ताट मांडतात: पोहे, खोबरं, गूळ, फळं. एलिया संदेष्ट्याचं नाव घेतात आणि आभार मानतात. य-द-ह हा धातू कुणाला ठाऊक असो-नसो, तो तिथे ओल्या खोबऱ्यात कालवलेला असतो.

आता परत युरोपात, शेवटचं. 'ज्यूइश'ला एक जुळा भाऊ आहे आणि त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा शब्द खाली ठेवता येत नाही. यिडिश. हिब्रू 'यहूदी'चा घासून उरलेला 'यिड', आणि तोच जर्मानिक 'इश'. तुकडे तेच. फरक एवढाच, की हा सांधा बघणाऱ्यांनी घातलेला नाही. ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स, माइन्झ, श्पायर अशा गावांत हजारेक वर्षांपूर्वी यहुदी लोक शेजाऱ्यांची जर्मन बोलू लागले, हिब्रू अक्षरांत लिहू लागले, त्यात हिब्रू शब्द मुरवू लागले, आणि त्या बोलीला त्यांनी शेजाऱ्यांचाच प्रत्यय लावून स्वतःचं नाव दिलं. लाडानं तिला ते 'मामेलोशन' म्हणत. मामे म्हणजे आई. लोशन ही हिब्रूतली जीभ. मायबोली. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल लोकांनी तिथे मराठी नियतकालिक काढलं त्याचं नाव 'मायबोली'च आहे. त्यांनी काही मामेलोशनचं भाषांतर केलं नव्हतं.

यिडिशचं सर्वात जुनं हाती असलेलं वाक्य १२७२चं आहे. ते एका पोथीत आहे, वर्म्सच्या सिनेगॉगमध्ये सणांच्या प्रार्थनांसाठी वापरली जाई त्या माहझोरमध्ये. चर्मपत्रांची जाडजूड पोथी, एकट्यानं उचलायची म्हणजे काम. दवासाठीच्या प्रार्थनेच्या पानावर एक हिब्रू शब्द मोठ्या अक्षरांत काढला आहे, आणि ती अक्षरं आतून पोकळ आहेत. त्या पोकळीत कुणीतरी बारीक अक्षरांत जर्मन बोलीतली यमक जुळवलेली एक ओळ भरली. प्रार्थनेशी तिचा संबंध नाही. जो ही पोथी सिनेगॉगपर्यंत वाहून नेईल त्याचा दिवस चांगला जावो, एवढंच तिचं म्हणणं.

डोळे मिटून ते पान बघा. हिब्रू अक्षराच्या भिंती, आणि आत शेजाऱ्याची भाषा, घरात माणसं असावीत तशी.

पोथीच्या लेखनिकाचं नाव पोथीतच नोंदलेलं आहे: सिम्खा बेन यहूदा. सिम्खा म्हणजे आनंद. बेन म्हणजे मुलगा.

नोव्हेंबर १९३८मध्ये वर्म्सचं सिनेगॉग जाळलं गेलं. पोथी वाचली. शहराच्या अभिलेखागाराच्या प्रमुखानं ती दडवून ठेवली, गावातल्या कॅथेड्रलमध्ये. तो यहुदी नव्हता. १९५७मध्ये ती जेरुसलेमला पोचली, आज तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ती वाहून नेताना त्या माणसाच्या हाताला किती रग लागली असेल, आणि वाटेत कुठे थांबून त्यानं ती कशावर टेकवली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पोकळ अक्षरांतली ती ओळ त्याच्याबरोबर चालत होती.